पंचा, टॉवेल आणि ओले फडके

काही दिवसांपूर्वी आमच्यापैकी दोघे एका इंग्रजी कथेतील उतारा मराठीत आणण्याच्या खटपटीत होते. उतारा दिसायला अगदी साधा होता. सकाळची वेळ आहे. आई मुलाला तिवईवर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यापाशी उभे करते, एक लहानसे चौकोनी कापड त्या पाण्यात बुडवून पिळते आणि त्याने मुलाचे तोंड, कानांच्या पाळ्या, मान धुऊन काढते. भाषांतर अडले ते त्या कापडापाशी. 'टॉवेल' म्हणावे तर तो धुऊन झाल्यावर पुसण्यासाठी. 'रुमाल' खिशातला किंवा डोक्याचा. 'नॅपकिन' हा शब्द आपण हात-तोंड पुसण्याच्या छोट्या टॉवेलसाठी राखून ठेवला आहे. आणि नुसते 'फडके' म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराचा ओटा उभा राहतो. शेवटी 'ओले फडके' या शब्दांवर तडजोड झाली, पण समाधान कोणाचेच झाले नाही. चर्चा मात्र लांबत गेली, आणि तिच्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

मराठीत पुसण्याच्या वस्त्रांना नावांचा तोटा नाही. अंगपुसणे, हातपुसणे, पायपुसणे अशी सरळ क्रियापदावरून बनलेली नावे आहेत. चुलीवरचे भांडे उतरवायला व ओटा पुसायला मसोते, चुलीवर व जमिनीवर फिरवायला पोतेरे, तेल लावायला बोळा, आणि ज्याला दुसरे कोणतेही नाव उरलेले नाही त्याला चिंधी. यांतील काही नावे माणसांनाही लागतात. 'पायपुसणे केले', 'पोतेरे झाले' असे आपण म्हणतो तेव्हा वस्त्रांच्या या उतरंडीतच माणसाला बसवीत असतो. परंतु ज्याने अंग धुवावे अशा वस्त्राला नाव नाही. ही गोष्ट केवळ मराठीची नव्हे. बंगालीतला 'गामछा' म्हणजे 'गा', अर्थात अंग, पुसण्याचे वस्त्र. हिंदीतला 'अंगोछा' त्याच घडणीचा. मल्याळममधील 'तोर्त्त' हा शब्दही पुसून कोरडे करण्याच्या क्रियापदाशी जोडलेला. भाषा वेगळ्या, कुळे वेगळी, पण वस्त्राचे काम सर्वत्र एकच, पुसण्याचे.

याचे कारण शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न कापडाचा नसून पाण्याचा आहे. युरोपीय घरांत नळ येण्यापूर्वी शयनगृहात पाण्याचे भांडे आणि पसरट तसराळे ठेवलेले असे. पाणी तसराळ्यात स्थिर राही आणि ते अंगापर्यंत नेण्याचे काम कापड करी. आपल्याकडे ते काम तांब्याने केले. घंगाळात ऊन पाणी, त्यात विसण, पाटावर बसलेला माणूस आणि डोक्यावरून ओतलेला तांब्या. एकदा अंगावरून ओघळलेले पाणी मोरीत गेले की त्याच्याशी आपला संबंध संपला. अंगाला लावलेले कापड पुन्हा त्याच भांड्यात बुडविणे ही कल्पनाच आपल्या आजीला शिसारी आणणारी वाटली असती, कारण तसे केल्याने सारे घंगाळ बाटले असते. मळ काढण्यासाठी तळहात, उटणे, डाळीचे पीठ, टाचांसाठी वज्री, आणि खेड्यापाड्यांत वाळलेल्या घोसाळ्याची जाळी एवढी सामग्री पुरेशी होती. कापडाचे काम सुरू होई ते पाणी थांबल्यावर.

या कामासाठी पुण्यातील पुरुषाच्या खांद्यावर जे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते म्हणजे पंचा. पाच हात लांबीचा म्हणून पंचा, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. धोतरापेक्षा आखूड, विणीला विरळ, पाणी पटकन शोषणारा आणि तितक्याच पटकन वाळणारा. याचे वैशिष्ट्य असे की तो एकाच वेळी नेसण्याचे वस्त्र होता आणि पुसण्याचेही. नदीवर स्नान करणारा मनुष्य पंचा नेसूनच पाण्यात उतरे, आणि तोच पिळून अंग कोरडे करी. 'ओलेत्याने' हे क्रियाविशेषण याच व्यवहारातून आलेले. ओलेत्याने प्रदक्षिणा, ओलेत्याने नवस, ओलेत्याने पिंडदान. अंगावरचे ओले वस्त्र हीच शुद्धतेची साक्ष, असा त्यामागचा भाव. स्त्रियांच्या वाट्याला पंचा नव्हता. त्यांचे अंगपुसणे बहुधा जुन्या लुगड्याचा धडपा असे. घरातील पुरुषासाठी बाजारातून नवा पंचा येई आणि स्त्रीसाठी फाटलेल्या वस्त्रातून तुकडा निघे, हा भेद फारसा कोणी नोंदविलेला आढळत नाही.

पेशवाईत पुण्याच्या स्नानाचा भूगोल दुहेरी होता. एकीकडे मुठेचा काठ, ओंकारेश्वराचा परिसर आणि घाट. दुसरीकडे नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून नळाने शहरात खेळविलेले पाणी. हे पाणी पेठांतील हौदांतून लोकांपर्यंत पोचे. हौद आले म्हणजे कोणी भरावे आणि कोणी भरू नये हा प्रश्न आला. १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घराजवळचा हौद अस्पृश्यांना खुला केला ही घटना आपण सामाजिक इतिहासात शिकवितो. मात्र स्नानाच्या इतिहासातही तिचे स्थान आहे, हे क्वचितच लक्षात घेतो. ज्याला पाणीच मिळत नाही त्याला अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, हे विचारण्यात अर्थ नसतो. 'घाणेरडे' हे विशेषण ज्या जातींना सर्रास लावले गेले त्यांच्यापासून पाणी आधी तोडलेले होते. हीच गोष्ट २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेऊन साऱ्या देशासमोर मांडली.

आता पंचाच्या वाळण्याकडे येऊ, कारण खरा इतिहास तेथेच दडला आहे. सोवळ्यातला पंचा धुतल्यावर तो कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर काठीने टाकला जाई आणि काठीनेच काढला जाई. आमच्यापैकी एकीच्या आजोळी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, ही काठी दाराच्या कोपऱ्यात अगदी अलीकडेपर्यंत उभी होती. मुलांना ती विटीदांडूला घ्यायची बंदी होती एवढेच त्यांना ठाऊक. सुती वस्त्र रोज धुऊन, न शिवता वाळवले तरच सोवळे. रेशमी पीतांबर, मुकटा, कद किंवा लोकरीची धाबळी यांना मात्र हा नियम तितका कडक नव्हता. म्हणजे महिनोन्‌महिने पाणी न पाहिलेला मुकटा शुद्ध, आणि परटाने भट्टी लावून, नदीवर आपटून, पांढरेशुभ्र करून आणलेले धोतर ओवळे, कारण त्याला परटाचा हात लागला. बारा बलुत्यांपैकी एक असलेला परीट साऱ्या गावाचा मळ काढीत असे आणि त्या काढण्यानेच वस्त्र अशुद्ध ठरे. स्वच्छता आणि शुद्धता या दोन कल्पना एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला सुचत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याला ही विसंगती दिसली होती. 'सुधारक' पत्र १८८८ साली निघाले, आणि आगरकरांनी 'सोवळ्याची मीमांसा' याच नावाचा निबंध लिहून हा आचार बुद्धीच्या कसोटीला लावला. त्यांचे निबंध आज आपण शैलीचे नमुने म्हणून अभ्यासक्रमात लावतो. पण त्या निबंधाचा विषय प्रत्येक वाचकाच्या घरी दांडीवर वाळत पडलेला होता, हे विसरले की त्यातील धार हरवते. हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून पाहायची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहावीत. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्र येते. बाजारातून आलेल्या जिनसादेखील धुऊन घेण्यापर्यंत त्या सोवळ्याची मजल गेलेली होती. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. तो विनोद वाचताना आपण हसतो, पण धुण्याचे हे सर्व श्रम कोणाच्या हातांनी झाले असतील असा प्रश्न क्वचितच विचारतो. सोवळे पाळणारा एक आणि त्यासाठी पाणी ओढणाऱ्या अनेक, ही बहुतेक घरांची रीत होती.

पंचाला प्रतिस्पर्धी आला तो समुद्रावरून. हिंदीतला 'तौलिया' आणि कोंकणीतला 'तुवालो' हे दोन्ही पोर्तुगीज 'तोआल्या'पासून आले. म्हणजे शब्द इंग्रजांच्या राज्याच्या पुष्कळ आधी पश्चिम किनाऱ्यावर उतरला होता. मराठीने पुढे इंग्रजीतून 'टॉवेल' घेतला आणि बोलीत त्याचा 'टावेल' केला. आज आपण ज्याला टॉवेल म्हणतो ते सुतांच्या फासांचे जाड कापड मात्र तुर्की हमामखान्याची देणगी. हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रज गृहस्थाने तुर्कस्तानात ते पाहिले, नमुना मायदेशी नेला, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात यंत्रावर विणलेले तसे कापड मांडले गेले. 'टर्किश टॉवेल' हे नाव त्यातूनच रूढ झाले. हमामात माणूस बाफेत बसतो, दुसरा त्याचे अंग खरखरीत कापडाच्या पिशवीने घासतो, आणि मग जाड कापडात गुंडाळून त्याला बसवतात. युरोपने त्यातील जाड कापड घेतले आणि घासणारा माणूस सोडून दिला. आपण युरोपकडून तेच जाड कापड घेतले, आणि तिवईवरचे तसराळे सोडून दिले. प्रत्येकाने आपल्या मोरीला परवडेल तेवढेच उसने घेतले, असे म्हणता येईल.

पुण्यात कंपू आणि शहर अशी दोन गावे शेजारी शेजारी नांदत होती. लष्करातील बंगल्यांतून तसराळी होती, न्हाणीचे टब होते, फ्लॅनेलची तोंड धुण्याची फडकी होती, आणि ती धुणारे, वाळवणारे, साहेबापुढे धरणारे नोकर याच मुलखातले होते. तरीही ते फडके पेठांत आले नाही. साबण आला, आरसा आला, दंतमंजनाचे डबे आले, टॉवेलही आला. तोंड धुण्याचे फडके तेवढे राहिले. फ्लॅनेल हा शब्द मराठीत आला तो थंडीच्या सदऱ्याचे आणि लहान मुलांच्या झबल्यांचे मऊ कापड म्हणून. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले, आणि पुढे वाड्यांच्या चौकांत नळ आल्यावर स्नान हळूहळू नदीवरून मोरीत आले. दार लावून न्हाण्याची सोय झाली तेव्हा पंचाचे नेसण्याचे काम संपत गेले व पुसण्याचे तेवढे उरले. जे काम उरले त्यात टॉवेल सरस होता.

पण तेवढ्यात कापडाला राजकारण चिकटले. सार्वजनिक काका, अर्थात गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वदेशी खादीच्या पोशाखात गेले होते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. त्या प्रकरणी तरुण विनायक सावरकरांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दंड केला व वसतिगृहातून काढले. परदेशी धोतरे आणि कोट टाकून देण्याची भाषा तेव्हा घरोघर पोचली. मग १९२१ च्या २२ सप्टेंबरला मदुरेत गांधीजींनी अंगावरचे सारे वस्त्र टाकून केवळ गुडघ्यापर्यंतचे एक वस्त्र पत्करले, आणि मराठीने त्या वस्त्राला नाव दिले ते 'पंचा'. गुजरातीत त्याला 'पोतडी' म्हणतात. इतर भाषांनी लंगोटीपर्यंत नाना शब्द वापरले. मराठीने मात्र न्हाणीघराच्या खुंटीवरचा शब्द उचलून महात्म्याच्या कमरेला लावला. 'पंचेवाला' या शब्दात पुण्यातल्या काहींनी कुत्सितपणा भरला आणि इतर काहींनी भक्ती. दोघांनाही ठाऊक होते की हे वस्त्र सभेत नेसून जाण्याचे नव्हे. ते स्नानाच्या आणि श्रमाच्या वेळचे, म्हणजे माणूस जेव्हा कोणाला दिसू इच्छीत नाही तेव्हाचे. तेच त्याने राजवाड्यात नेले, यातच सारे बळ होते.

टॉवेलनेही या काळात आपले नागरिकत्व बदलले. सोलापुरात १८७० च्या दशकापासून गिरण्या उभ्या राहिल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेथे माग मांडले, आणि कालांतराने सोलापुरी चादरीबरोबर सोलापुरी टॉवेलही देशभर गेला. २००५-०६ साली या दोन्ही वस्तूंना भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. तुर्की हमामातून निघालेले कापड अशा रीतीने कायद्याने सोलापूरचे ठरले. आणि समाजाने त्याला याहून मोठा मान आधीच दिला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या लग्नात, वास्तुशांतीत, गावच्या सत्कारात पाहुण्याला 'टॉवेल-टोपी' दिली जाते. शहरी साहित्यसंमेलनात शाल-श्रीफळ, तर खेड्यात टॉवेल-टोपी. ज्याच्या खांद्यावर रोज टॉवेल असतो, जो त्याने घाम पुसतो, मोट थांबली की तोंड पुसतो, झाडाखाली तोच अंथरतो, त्याला मान द्यायचा तर त्याच वस्तूचा नवा नग देणे यात उत्तम औचित्य आहे. आसामने आपल्या गामोसाला, जो तिथला अंग पुसण्याचाच पंचा, सन्मानाचे वस्त्र केले आणि २०२२ साली त्याची भौगोलिक निर्देशांकात नोंदही झाली. आपण पंचाला तसे केले नाही. त्याची जागा टॉवेलने घेतली आणि पंचा पुरोहितांच्या आणि वारकऱ्यांच्या पडशीत उरला.

येथवर जे सांगितले ते पुसण्याच्या वस्त्राविषयी. परंतु ज्या ओल्या फडक्यापाशी आमचे भाषांतर अडले होते ते मराठी घरात कधीच नव्हते काय? होते. फक्त ते निरोगी, चालत्या-बोलत्या माणसासाठी नव्हते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे अंग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घेतात. तान्ह्या बाळाची जीभ, डोळ्यांच्या कडा, गळ्याच्या वळ्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपतात. ज्याला तांब्या उचलता येत नाही किंवा ज्याच्यावर पाणी ओतता येत नाही, त्याच्यापर्यंत पाणी नेणारे हे कापड आहे. त्याला स्वतःचे नाव नाही. 'घडी' म्हणजे नुसती घडी, 'पट्टी' म्हणजे नुसती पट्टी, आणि 'फडके' म्हणजे काहीही. ते आधी कोणाचे तरी लुगडे असते, मग दुपटे, मग हे फडके, मग मसोते आणि शेवटी पोतेरे. नावे त्या वस्त्राच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना मिळाली. मधल्या, शुश्रूषेच्या काळात ते बिननावाचेच राहिले.

हे फडके घराबाहेर पडले तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. आपल्या घरातील रोग्याचे अंग पुसणे हे कर्तव्य. परक्याचे पुसणे म्हणजे विटाळ. १८९६-९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जरांनी घरे तपासली, रोग्यांना छावण्यांत हलविले, त्यांचे कपडे-अंथरुणे जाळली. त्या झडत्यांच्या अपमानाची आणि जून १८९७ मधील रँडच्या वधाची कथा आपल्या पुस्तकांत विस्ताराने येते. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगानेच वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला असे सांगितले जाते. ज्या शहरात सोवळ्याचा पंचा काठीने वाळत घालीत, त्याच शहराच्या वेशीवर एक साठी उलटलेली स्त्री ज्याला कोणी शिवत नव्हते अशा मुलाला पाठीवर घेते. या दोन चित्रांतील अंतर हाच त्या शतकाच्या पुण्याचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

पुढे २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे त्याच्या अध्वर्यू. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षिका करणे समाजाने एक वेळ पत्करले. पण त्यांना परिचारिका करून ससून रुग्णालयात पाठविणे हे अवघड काम होते. शिक्षिका मुलाला अक्षर शिकविते, तेव्हा तिला त्याच्या अंगाला हात लावावा लागत नाही. परिचारिकेच्या हातात पाण्याचे भांडे आणि फडके येते. कोणत्याही जातीच्या, परक्या पुरुषाच्यासुद्धा, अंगावरील घाम, रक्त, पू पुसणे हे तिचे नित्यकर्म. 'स्पंजिंग' हा शब्द मराठीत आला तो या वाटेने, रुग्णालयाच्या खोल्यांतून. आजही आपण 'आज आजोबांचे स्पंजिंग केले' म्हणतो. त्यात स्पंज कोठेच नसतो, घरातलाच जुना नॅपकिन असतो. इंग्रजांच्या शयनगृहातले जे फडके पेठांनी नाकारले होते, ते असे रुग्णालयातून, आजारपणाच्या नावाने घरात आले.

या कथेला पुण्यात आणखी एक वळण आहे. जानेवारी १९२४ मध्ये ससूनमध्येच गांधीजींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्राच्या उपचारांवर टीका केलेल्या माणसाने ती पत्करली, पण निसर्गोपचारावरची श्रद्धा सोडली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाल्यावर त्यांनी जे लिखाण हाती घेतले ते राजकीय नव्हते. 'आरोग्याची किल्ली' म्हणून जे छोटे पुस्तक पुढे प्रसिद्ध झाले, ते त्यांनी त्या वर्षाच्या ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत तेथेच लिहिले. त्यात जर्मन निसर्गोपचारक लुई कूने यांच्या कटिस्नानाचे व घर्षणस्नानाचे वर्णन आहे, ओल्या चादरीचे उपचार आहेत. टबात बसलेल्या माणसाने ओल्या, मऊ कापडाने अंगाचा ठरावीक भाग हळूहळू चोळावा, हा त्या उपचारातला मुख्य विधी. म्हणजे अंग धुण्याचे छोटे कापड मराठी मुलखात ज्या एका ग्रंथात विचारपूर्वक येते, तो ग्रंथ पुण्याच्या एका तुरुंगवजा महालात गुजरातीत लिहिला गेला. त्याच महालात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. सुटकेनंतर गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात येऊन राहत. तेथेच १९८६ साली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली, आणि कटिस्नान, ओल्या पट्ट्या हे उपचार तिथल्या नित्याच्या व्यवहारात आले. पंचा ज्याच्यामुळे जगाला ठाऊक झाला, त्याच माणसाने ओल्या फडक्यालाही शास्त्राचा दर्जा देण्याचा यत्न केला, हा योगायोग खचित नव्हे. अंगाशी आपला संबंध काय असावा, हा त्याच्या दृष्टीने स्वराज्याचाच प्रश्न होता.

आमच्या विद्यार्थी-वाचकांना येथे एक सुचवावेसे वाटते. आत्मचरित्रे, निबंध, कादंबऱ्या वाचताना आपण विचारांचा माग काढतो, आणि तो काढायलाच हवा. पण विचार ज्या वस्तूंवरून चालत आले त्यांचीही नोंद ठेवावी. पाणी कोणी ओतले, कोणाचे अंग कोणी पुसले, पुसलेले वस्त्र कोणी धुतले आणि ते कोठे वाळले, एवढे चार प्रश्न घेऊन एकोणिसाव्या शतकातील कोणतेही मराठी पुस्तक पुन्हा वाचावे. पुष्कळ पानांवर उत्तर मिळणार नाही. ती गप्पदेखील वाचण्याजोगी असते, कारण पुसणाऱ्या बाईने किंवा परटाने लिहिलेले पुस्तक त्या शतकात जवळजवळ नाही. परटाच्या कुळात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, हाती खराटा घेऊन आणि अंगावर चिंध्या लेवून गावोगाव हिंडले, तेव्हा लोक त्यांना 'चिंधेबुवा'ही म्हणत. उतरंडीतल्या शेवटच्या पायरीचे वस्त्र त्यांनी आपण होऊन पांघरले. त्यांनी स्वच्छतेविषयी जे सांगितले ते लिहून ठेवले ते दुसऱ्यांनी.

आता मूळ उताऱ्याविषयी. आम्ही तेथे अखेर 'ओले फडके' असेच ठेवले. भाषांतर छापून झाल्यावर आमच्यातल्या एकाने ते आपल्या आईला वाचून दाखविले. आई मुलाचे तोंड ओल्या फडक्याने पुसते आहे, इथपर्यंत येताच तिने मध्येच विचारले, "केव्हापासून ताप आहे रे त्याला?"